नोंद झाली, पुढे काय?

पुण्यातल्या कचऱ्याच्या ढिगांवर तुरळक उगवलेले एक अनोळखी रोप १९५१ मध्ये प्राध्यापक परांजपे यांच्या नजरेस पडले. पाने गाजराच्या पाल्यासारखी, फुले बारीक आणि पांढरी. पाच वर्षांनी, १९५६ मध्ये, आर. एस. राव यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात पार्थेनियम ही भारतासाठी नवी वनस्पती असल्याची नोंद प्रसिद्ध केली. आज तिला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत या नावाने सगळा महाराष्ट्र ओळखतो. संशोधकांच्या अंदाजानुसार देशातील सुमारे साडेतीन कोटी हेक्टर जमिनीवर ती पसरली आहे. म्हणजे एका देशव्यापी उपद्रवाची पहिली खूण पुण्यात दिसली, जाणकाराने ती टिपली आणि ती रीतसर छापूनही आली. हुकले ते त्यानंतरचे सगळे.

या गवताबद्दल एक कथा घरोघरी सांगितली जाते. अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ योजनेतल्या गव्हाबरोबर ते भारतात आले, अशी ती कथा. त्या योजनेचा कायदा १९५४ चा आणि भारताशी झालेला करार १९५६ चा. परांजपे यांचे निरीक्षण मात्र १९५१ चे आहे. परदेशातून आलेल्या धान्यात बी असण्याची शक्यता त्यामुळे संपत नाही; पण त्या विशिष्ट योजनेवर सगळे खापर फोडता येत नाही, एवढे नक्की ठरते. एका माणसाने एका ठिकाणी एका वर्षी केलेल्या नोंदीने सत्तर वर्षे चाललेली ऐकीव गोष्ट तपासता येते. नागरिकांनी निसर्गाच्या नोंदी का ठेवाव्यात, या प्रश्नाचे उत्तर यापेक्षा वेगळे शोधायची गरज नाही.

इथे एक गल्लत आधीच दूर करायला हवी. परदेशी म्हणजे घातक नव्हे. मिरची, बटाटा आणि टोमॅटो अमेरिका खंडातून आले, चिंच आफ्रिकेतून आली. त्यांच्याशिवाय मराठी स्वयंपाकघर चालणार नाही. आक्रमक प्रजाती म्हणतात ती वेगळ्या गोष्टीला. एखादी वनस्पती किंवा प्राणी माणसाच्या हातून नव्या मुलखात पोहोचतो, त्याला मूळ ठिकाणी आवरणारे किडे, रोग आणि शत्रू मागे राहतात, आणि मग तो बेसुमार वाढून तिथल्या जीवसृष्टीचे, शेतीचे किंवा आरोग्याचे नुकसान करू लागतो. जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंचाने, म्हणजे ‘आयपीबीईएस’ने, २०२३ च्या अहवालात अशा आगंतुकांचा हिशेब मांडला. जगभर ३७ हजारांहून अधिक परकी प्रजाती नव्या ठिकाणी स्थिरावल्या आहेत. त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक आक्रमक आणि अपायकारक आहेत. त्यांच्यामुळे होणारे नुकसान २०१९ मध्ये वर्षाला ४२३ अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते आणि १९७० पासून दर दशकात ते किमान चौपट होत आले आहे.

हा विषय केवळ निसर्गप्रेमींचा नाही, तो दवाखान्याचाही आहे. गाजर गवतातील पार्थेनिन या रसायनामुळे अनेकांच्या त्वचेला तीव्र दाह होतो. पापण्या, मान, कोपराची खोबण अशा जागी खाज, लाली आणि पुढे जाड, काळसर झालेली त्वचा दिसते. हवेतून उडणाऱ्या सूक्ष्म कणांनीही हा त्रास होतो, म्हणून गवताला हात न लावणाऱ्यालाही तो सुटत नाही. परागकणांमुळे शिंका, नाक गळणे आणि दम्याचा त्रास वाढतो. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत या त्वचादाहाच्या नोंदी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सापडतात. आफ्रिकन राक्षसी गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीची वाहक असते. तो कृमी माणसाच्या शरीरात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी नदीचे पाणी झाकून टाकते आणि डासांना आसरा देते. डेंगी पसरवणारा ‘एडिस इजिप्ती’ डास तर मूळचा आफ्रिकेतला. तो इतका जुना पाहुणा आहे, की त्याला कोणी परका मानतच नाही. लाल कानपट्टीचे कासव काचेच्या टाकीत शोभून दिसते, पण त्याच्यापासून साल्मोनेलाचा संसर्ग होतो. अमेरिकेने चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्येच बंदी घातली, ती मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे.

आगंतुक कोणताही असो, गणित एकच असते. तो आला त्या पहिल्या काही महिन्यांत त्याला हटवणे शक्य असते. तो पसरल्यावर केवळ आवरता येते, आणि त्याची किंमत दरवर्षी मोजावी लागते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०११ मध्ये मायामी भागातल्या एका रहिवाशाला घराजवळ आफ्रिकन गोगलगाय दिसली आणि त्याने ते सरकारी यंत्रणेला कळवले. त्यानंतर दहा वर्षे मोहीम चालली, १ लाख ६८ हजारांहून अधिक गोगलगायी वेचल्या गेल्या आणि २०२१ मध्ये तो भाग गोगलगायमुक्त जाहीर झाला. पुढच्याच वर्षी राज्याच्या दुसऱ्या जिल्ह्यात त्या पुन्हा सापडल्या आणि यंत्रणा पुन्हा कामाला लागली. स्पेनमध्ये ‘मॉस्किटो अलर्ट’ हे ॲप २०१४ पासून नागरिकांकडून डासांची छायाचित्रे मागवते. २०१८ मध्ये उत्तरेकडील अस्तुरियास भागातून आलेल्या एका छायाचित्रात तज्ज्ञांना ‘एडिस जॅपोनिकस’ हा डास दिसला. तोवर तो स्पेनमध्ये आढळलेला नव्हता. शास्त्रज्ञ तिथे गेले, नमुने घेतले आणि ओळख पक्की केली. या दोन्ही घटनांत पाहणारा सामान्य माणूस होता. पण त्याच्या सांगण्यावर उठून जाणारे कोणीतरी होते, हे अधिक महत्त्वाचे.

भारतातही याचा दाखला आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर परिसरात आढळला आणि दोन वर्षांत दक्षिणेपासून महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. पपईसह तुती आणि इतर पिकांचेही नुकसान होऊ लागले. हा नेमका कोणता ढेकूण, हे ठरल्यामुळेच त्याच्यावर जगणारा नेमका परजीवी कीटक २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणता आला. तो सोडल्यावर ढेकूण आटोक्यात आला. ओळख चुकली असती तर उपायही चुकला असता, आणि शेतकरी फवारण्या करत बसला असता. उलट बाजूचा दाखला मराठवाड्याचा आहे. लातूर, बीड, धाराशिव भागांत २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा ती बातमी झाली आणि सरकारला मदतीचा विचार करावा लागला. गोगलगायी मात्र एका पावसात उगवत नाहीत. बांधावर, विहिरीच्या कडेला, केळीच्या बुंध्याशी त्या आधीपासून असतात. तेव्हा त्या कोणी मोजल्या असत्या, तर उपाय पेरणीआधी करता आला असता.

अशा कामाचा सदाशिव पेठेशी काय संबंध, असे एखाद्याला वाटेल. तिथे जंगल नाही, शेत नाही. आहेत ते जुने वाडे, नव्या इमारती, वर्ग, वाचनालये आणि वाहनांची गर्दी. पण आगंतुक प्रजाती येतात त्या बहुधा याच वाटेने. गाजर गवत आधी दिसले ते सह्याद्रीच्या रानात नव्हे, शहरातल्या उकिरड्यावर. पेठेत एखादा वाडा पाडला, की रिकाम्या जागेवर राडारोडा पडतो आणि पहिल्या पावसानंतर काही आठवड्यांत त्यावर गाजर गवत डोलू लागते. गॅलरीतली कुंडी रोपवाटिकेतून येते आणि तिच्या मातीतून गोगलगायीची अंडीही येऊ शकतात. मोठे झालेले कासव किंवा टाकीची काच साफ करणारा सकर मासा नकोसा झाला, की ‘मुक्या जिवाला मोकळे केले’ या समाधानात नदीत सोडला जातो. मुठेचे पाणी पुढे मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जाते. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आता सकर मासे येतात. ते खायला कोणी घेत नाही, आणि त्यांच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. एका घरातल्या दयेचा भुर्दंड दुसऱ्याच्या पोटावर पडतो, तो असा.

पुण्यात पाहणाऱ्या डोळ्यांची कमतरता नाही. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडीवर रोज पहाटे हजारो माणसे चालतात. पक्षीनिरीक्षकांची, वृक्षप्रेमींची आणि नदीसाठी काम करणाऱ्यांची मंडळे आहेत. स. प. महाविद्यालयापासून ज्ञानप्रबोधिनीपर्यंतच्या संस्थांत शिकणारी मुले याच पेठेत आहेत. शहराभोवतीच्या उतारांवर पिवळ्या-केशरी कॉसमॉसचा बहर आला, की छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागते. हा कॉसमॉस मेक्सिकोकडचा आहे आणि स्थानिक गवतांची व रानफुलांची जागा घेतो. त्याच छायाचित्रांवर तारीख आणि ठिकाण असेल, तर तो कोणत्या वर्षी किती सरकला, याचा नकाशा तयार होऊ शकतो. ‘आयनॅचरलिस्ट’ आणि ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ ही दोन्ही व्यासपीठे २००८ पासून यासाठीच आहेत. छायाचित्र टाकले की इतर जाणकार ओळख पटवतात, आणि पुरेशा लोकांचे एकमत झाले की ती नोंद संशोधनासाठी वापरता येते.

स्वयंसेवकांच्या बळावर ज्ञान उभे करण्याची रीत पेठेला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत आहे. राजवाडे गावोगाव फिरले, माळ्यांवरची आणि पेटाऱ्यांतली दप्तरे त्यांनी मिळवली. त्या कागदांना मोल आले ते कागद कुठला, कोणाकडचा, कोणत्या काळचा, हे जपले गेले म्हणून. ठिकाण आणि तारीख नसलेला कागद ही निव्वळ रद्दी असते. निसर्गाच्या नोंदीलाही हाच नियम लागू आहे. पाट्यांवर नेमके शब्द लिहिणाऱ्या पेठेला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

चांगली नोंद करायला पदवी लागत नाही. थोडी शिस्त लागते. संपूर्ण रोपाचे एक, पानाचे एक आणि फुलाचे एक अशी तीन छायाचित्रे काढावीत. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे किंवा पेन ठेवावे. तारीख, ठिकाण, साधारण संख्या आणि जागा कशी आहे, हे लिहावे. नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नये; ओळखणे तज्ज्ञांवर सोडावे. एकच रस्ता किंवा एकच टेकडीची वाट दर महिन्याला पाहावी आणि तिथे काही आढळले नाही तरी ‘आढळले नाही’ असे लिहावे, कारण एखादी प्रजाती कधी आली हे ठरवायला ती कधीपर्यंत नव्हती हे माहीत असावे लागते. गोगलगायीला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. गाजर गवत उपटायचे असेल तर फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मास्क हवाच. दम्याचा किंवा त्वचेच्या ॲलर्जीचा त्रास असणाऱ्यांनी हे काम इतरांवर सोपवावे. हे रोप उगवल्यापासून महिनाभरात फुलावर येते आणि एक रोप १५ ते २५ हजार बिया टाकू शकते. त्यामुळे फुलोऱ्यानंतर मोहीम काढणे म्हणजे अनेकदा बी झाडून पसरवणे ठरते.

या पद्धतीच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. नकाशावर जिथे ठिपके जास्त, तिथे प्रजाती जास्त असतेच असे नाही. तिथे मोबाइल घेऊन फिरणारी माणसे जास्त असतात. तळजाईवर शंभर नोंदी आणि शहराच्या टोकाच्या वस्तीत एकही नाही, याचा अर्थ ती वस्ती सुरक्षित आहे असा होत नाही. तिथल्या शाळा आणि महिला बचत गट या कामात आले नाहीत, तर नकाशा सुखवस्तू पुण्याचाच राहील. दुसरा धोका उत्साहाचा. गोगलगायींविरुद्ध मोहीम निघाली, की दिसेल त्या गोगलगायीवर मीठ टाकले जाते आणि त्यात निरुपद्रवी स्थानिक गोगलगायीही मरतात. उत्साहाचे मोल या देशाने एकदा चुकवले आहे. आफ्रिकन गोगलगाय भारतात आणली ती १८४७ मध्ये, विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या हौशी अभ्यासकाने. मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी त्याने कोलकात्यातल्या बागेत सोडल्या. निसर्गाची आवड असणे पुरेसे नसते, हे त्या बागेने शिकवले आहे.

एक आक्षेप याहून गंभीर आहे. सरकारने करायचे काम नागरिकांच्या गळ्यात घालण्याचा हा सोयीस्कर मार्ग नाही का? तो तसा होऊ शकतो, आणि म्हणूनच जबाबदारीची वाटणी स्पष्ट हवी. पाहणे आणि कळवणे हे नागरिकांचे काम. ओळख पक्की करणे शास्त्रज्ञांचे. आणि हटवणे, त्यासाठी पैसा व प्रशिक्षित, संरक्षक साधने दिलेली माणसे पुरवणे हे महापालिकेचे आणि राज्य सरकारचे. गाजर गवत काढणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या हातात हातमोजे नसतील, तर शहराच्या आरोग्यासाठी त्याचे आरोग्य खर्ची पडते. ते कोणत्याही लोकसहभागाने झाकता येणार नाही.

कायद्याची चौकट आता अपुरी राहिलेली नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आक्रमक परकी प्रजातींची व्याख्या केली आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात पुण्याचे माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. नोंदवही म्हणजे एकदा छापून कपाटात ठेवायचा अहवाल नव्हे. दरवर्षी भर पडणारी ती लोकांची वही असावी, हे या कल्पनेचे मर्म. तिच्यात आगंतुकांचे एक वेगळे, चालते पान असायला हवे.

ते पान भरायला लागणारी तज्ज्ञता पुण्याला बाहेरून आणावी लागणार नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आकुर्डीत आहे, आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतून घडलेली आघारकर संशोधन संस्था सदाशिव पेठेपासून हाकेच्या अंतरावर आहे. या संस्था, महापालिकेची समिती आणि आरोग्य व उद्यान विभाग यांना जोडणारा एक छोटा कक्ष पुरेसा आहे. त्याचे काम तीनच गोष्टींचे असावे. आलेली प्रत्येक नोंद ठरावीक दिवसांत पाहणे, कळवणाऱ्याला उत्तर देणे, आणि नवी किंवा धोक्याची प्रजाती असेल तर माणूस जागेवर पाठवणे. उत्तर ‘हे रोप स्थानिक आहे, काळजी नको’ असे असले तरी चालेल. ते आले पाहिजे. कोणतेही उत्तर न मिळालेला नागरिक दुसरे छायाचित्र पाठवत नाही. तज्ज्ञांचा यात जाणारा वेळ हेही काम आहे. ते त्यांच्या कामाच्या हिशेबात धरले जायला हवे.

गाजर गवत आता पुण्यातून हद्दपार होणार नाही, हे मान्य करूनही बरेच काही करता येते. शाळांची मैदाने, दवाखान्यांची आवारे आणि चालण्याच्या वाटा फुलोऱ्याआधी मोकळ्या ठेवता येतात. टाकळ्यासारख्या वनस्पतींना वाव देऊन त्याची वाढ दाबता येते. मेक्सिकोहून १९८३ मध्ये तपासणीसाठी आणलेला आणि नंतर सोडलेला झायगोग्रामा भुंगेरा पावसाळ्यात या गवताची पाने खातो. तो कुठे सक्रिय आहे हे स्वयंसेवकांनी कळवले, तर तिथे तणनाशक फवारून या मित्राचाच जीव घेणे टाळता येईल. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. तोवर बऱ्याच ठिकाणी ते फुलावर आलेले असते. पुण्याने आपले काम पहिल्या पावसालाच सुरू करावे.

खरा प्रश्न मात्र जुन्या गवताचा नाही, पुढच्या पाहुण्याचा आहे. तो कदाचित एखाद्या कुंडीत, मत्स्यालयात किंवा राडारोड्यावर येऊनही पोहोचला असेल. १९५१ मध्ये पाहणारा होता, नोंदही झाली. पण तिच्यावर उठून कामाला लागणारी यंत्रणा नव्हती. आज पाहणारे हजारो आहेत, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, कायदा आहे आणि तज्ज्ञ याच शहरात आहेत. आलेल्या नोंदीला उत्तर देणारे टेबल तेवढे अजून मांडायचे आहे. महापालिकेने ते येत्या पावसाळ्याआधी मांडावे.